घरगुती ध्वनिफिती : भंडारा जिल्ह्यातील बोलीचे एक उपेक्षित साधन

१

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याकडील अभ्यासकांस प्रथम कागद आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून जुन्या वाड्यांतील रुमाल सोडणे, कसरीने व ओलीने खाल्लेले कागद उलगडणे आणि ते रद्दीत जाण्यापूर्वी हस्तगत करणे हे संशोधकाचे आद्य कर्तव्य मानले गेले. या उद्योगामागील मूळ विचार मात्र कागदापुरता मर्यादित नाही. राज्यकर्त्यांनी जपून ठेवलेल्या दप्तराइतकेच, आणि काही बाबतींत त्याहून अधिक, मोल घराघरांत सहज पडून राहिलेल्या टिपणांस असते, हा तो विचार होय.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात आपल्या घरांतून आणखी एका प्रकारचे दप्तर निर्माण झाले. ते लोखंडी पेटीत, शिवणयंत्राच्या खणात किंवा देवघराच्या फळीवर अजून सापडते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली प्रचारात आणलेली ध्वनिफितीची कॅसेट भारतात घरोघर पोहोचली ती मुख्यतः ऐंशीच्या दशकात. विकत घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेटींबरोबरच घरी भरलेल्या कॅसेटी जमू लागल्या, आणि त्यांत दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांचा केवळ ध्वनी उतरवून घेतलेल्या कॅसेटी पुष्कळ होत्या. आज त्यांच्याविषयी जे बोलले जाते ते बहुतेक हळवेपणाने बोलले जाते. त्या हळवेपणाचा उपहास करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या गोष्टीसाठी आपण हळवे होतो ती त्या फितीत नेमकी कोठे आहे, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. कारण त्याच्या उत्तरावर या फितींचे काय करावयाचे हे अवलंबून आहे.

२

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा जो प्रयोग १९७५-७६ साली झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या घरांतून 'चिमणराव' पाहिला जात होता त्या काळी भंडारा जिल्ह्यास दूरचित्रवाणी ही ऐकीव गोष्ट होती. येथे कानांवर राज्य होते ते १९४८ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे.

परिस्थिती पालटली ती १९८२ नंतर. त्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून होणारा राष्ट्रीय कार्यक्रम यांचा आरंभ झाला; १९८३ च्या ऑगस्टमध्ये 'इन्सॅट-१बी' हा उपग्रह अवकाशात गेला आणि पुढच्या दोन वर्षांत देशभर प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी 'रामायण', आणि २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात 'महाभारत' प्रक्षेपित झाले. या दोन मालिकांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील खेड्यांनाही रविवार सकाळची एक नवी वहिवाट लावून दिली.

प्रस्तुत लेखकाचे बालपण लाखनीच्या परिसरातील एका खेड्यात गेले. वडील प्राथमिक शिक्षक होते. नागपूरच्या दिशेस तोंड करून बांबूवर चढविलेला ॲंटेना वाऱ्याने फिरला की चित्र मुंग्यांनी भरून जाई. ध्वनी मात्र बऱ्यापैकी स्पष्ट राही. आमच्यासारख्या घरी कार्यक्रमाचा ध्वनीच उतरवून घ्यावा असे वाटण्यामागे हे एक कारण होते. दुसरे कारण पैशाचे. चित्रासह मुद्रण करणारे यंत्र शिक्षकाच्या आटोक्याबाहेरचे होते, आणि रेडिओ व टेपरेकॉर्डर एकत्र असलेला 'टू-इन-वन' आवाक्यात होता. तिसरे कारण माणसांचे. रविवारी शेतावर गेलेल्यांसाठी, दिसत नसलेल्या वृद्धांसाठी आणि ज्या वाडीत वीज पोहोचली नव्हती तेथील नातलगांसाठी ती कॅसेट घरातून घरात फिरे.

३

या मुद्रणाची रीत सर्वत्र जवळजवळ सारखी होती. टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवून दूरचित्रवाणी संचासमोर आणावयाचा, लाल खुणेची कळ आणि तिच्या शेजारची कळ एकदम दाबावयाची, आणि बोट ओठांवर ठेवून घरातील सर्वांस गप्प बसविण्याचा प्रयत्न करावयाचा. ९० मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू ४५ मिनिटांची असे. मालिकेचा एक भाग तीत बसून थोडी फीत शिल्लक राही. जोडतार वापरून संचातून थेट मुद्रण करण्याची युक्ती काही हौशी मंडळींस ठाऊक होती. परंतु बहुतेकांची भिस्त यंत्राच्या अंगच्या लहानशा मायक्रोफोनवरच असे.

येथे या यंत्राचा एक गुण ध्यानात घेतला पाहिजे. अशा टेपरेकॉर्डरांत मुद्रणाची पातळी आपोआप राखण्याची सोय असे. समोरचा आवाज मोठा झाला की यंत्र आपली ग्रहणशक्ती कमी करी; समोर शांतता झाली की ती वाढवी, आणि मग दूरचा क्षीण आवाजही फितीवर उमटे. संचातून संवाद किंवा गाणे चालू असता घरातील आवाज दबून जात. प्रसारणात क्षणभर विराम आला, पात्र विचारमग्न झाले किंवा वीज गेली, की तेच यंत्र कान टवकारून स्वयंपाकघरातील भांडे, गोठ्यातील घंटा, अंगणातील हाक आणि भिंतीलगत बसलेल्या बायांची कुजबूज टिपून घेई. प्रसारण थांबले की घर ऐकू येऊ लागते. हा योगायोग एखाद्या फितीपुरता नाही, तो यंत्राच्या घडणीतच आहे. म्हणून अशा कोणत्याही फितीत त्याचा शोध घेता येतो.

४

परदेशी अभ्यासकांनी घरगुती ध्वनिमुद्रणाचे महत्त्व पूर्वीच ओळखले आहे. पण त्यांचे कारण निराळे आहे. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या पुष्कळ चित्रफिती पुसल्या किंवा नष्ट केल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतील सुमारे शंभर भागांचे चित्र अशा रीतीने दीर्घकाळ हरवले. परंतु त्या सर्व भागांचा ध्वनी टिकला, तो बालप्रेक्षकांनी व हौशी लोकांनी घरी उतरवून घेतलेल्या फितींमुळे. आपल्याकडेही दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात महागड्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि त्यामुळे त्या काळातील अनेक कार्यक्रम आज उपलब्ध नाहीत.

मात्र भंडारा जिल्ह्यातील फितींस हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे फिती भरल्या गेल्या त्या बहुतांशी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या, आणि त्यांतील प्रमुख मालिका सुरक्षित आहेत. 'रामायण' तर टाळेबंदीच्या काळात २८ मार्च २०२० पासून पुन्हा प्रक्षेपित झाले. ब्रिटनमधील फितीचे मोल मूळ प्रसारण हरवल्यामुळे वाढले. आमच्या फितीतील प्रसारण हरवलेले नाहीच. तेव्हा मूळ वस्तू सुस्थितीत असता तिची ही खरखरीत नक्कल कशासाठी जपावयाची, हा प्रश्न रास्त ठरतो.

त्याचे उत्तर लेखकास त्याच टाळेबंदीत मिळाले. पुनःप्रक्षेपण पाहण्यास घरातील सर्व मंडळी बसली. चित्र स्वच्छ, ध्वनी निर्दोष होता. दोन दिवसांतच सर्वांस काहीतरी उणे वाटू लागले. आईच्या बोलण्यात ते सहज येऊन गेले : "याच्यात आपला गोंगाट नाही." त्या सायंकाळी जुनी पेटी उघडली गेली. तीत ७ कॅसेटी निघाल्या. त्यांपैकी ५ वाजण्याजोग्या होत्या.

५

त्या पाच फितींतील घरातले बोलणे लिहून काढता असे दिसले की त्याचे तीन प्रकार पाडता येतात. पहिला, प्रसारणास उद्देशून केलेले बोलणे : पात्रास दिलेला सल्ला, दुष्टास दिलेली शिवी, देवास केलेला नमस्कार. दुसरा, प्रसारणाविषयी केलेले बोलणे. तिसरा, प्रसारण चालू असतानाही न थांबणारे घरातील बोलणे : चुलीवरचे दूध, आलेला पाहुणा, तेंदूपानांचे पुडके, हरवलेली शेळी.

बोलीच्या अभ्यासकास यांतील दुसरा प्रकार सर्वांत मोलाचा वाटेल. आजीस संस्कृतप्रचुर हिंदी समजत नसे. आई तिच्याजवळ बसून हलक्या आवाजात अर्थ सांगत जाई. संचातून 'प्रतीक्षा' हा शब्द आला की फितीवर क्षणभराने "वाट पाहून राहिली" असे ऐकू येते. 'नेत्र' म्हटले की "डोरे" आणि 'जल' म्हटले की "पानी". एका राष्ट्रीय भाषाप्रयोगाचे एका घरात, एका बाईने, त्याच क्षणी केलेले हे भाषांतर आहे, आणि मूळ व भाषांतर ही दोन्ही एकाच फितीवर लागोपाठ उभी आहेत. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' हे वर्ण नाहीत, त्यांच्या जागी बहुधा 'न' आणि 'र' येतात, हे पूर्वसूरींनी नोंदविलेलेच आहे. चालू क्रियेसाठी 'करून राहिला' अशी रचना पूर्व विदर्भात रूढ आहे हेही सर्वांस ठाऊक आहे. या फितींतून नवे कळते ते रूपांच्या निवडीविषयी. आई शिक्षकाची पत्नी. शेजारच्या मुलांस गप्प करताना ती "शांत बसा" असे प्रमाण मराठीत बोलते, आणि आजीकडे वळताच तिचा 'श' 'स' होतो. हे वळण कधी कधी एकाच श्वासात घडते. पुढे 'महाभारता'च्या फितींत मुले एकमेकांस 'भ्राताश्री' म्हणू लागतात, आणि आजी त्या शब्दाची आपल्या बोलीत थट्टा करते.

असा पुरावा अन्य मार्गाने मिळविणे कठीण आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला; त्यात बोलींचे जे नमुने आहेत त्यांत उधळ्या पुत्राच्या दृष्टांताची भाषांतरे प्रमुख आहेत, म्हणजे ती सांगून घेतलेली भाषा आहे. झाडीबोलीच्या अभ्यासास व साहित्यचळवळीस डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी जो पाया घातला त्याचे ऋण आपल्या सर्वांवर आहे. तथापि जाणीवपूर्वक केलेल्या कोणत्याही संकलनात बोलणाऱ्यास आपण ऐकले जात आहोत याचे भान असतेच. निरीक्षण नसताना लोक कसे बोलतात हे जाणावयाचे, पण ते निरीक्षणावाचून जाणता येत नाही, या अडचणीस विल्यम लबॉव यांनी निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले आहे. आमच्या घरी यंत्राचे तोंड संचाकडे होते. माणसांकडे त्याची पाठ होती. त्या अडचणीतून इतकी सहज सुटका क्वचितच मिळते.

याखेरीज या साधनाचा एक गुण म्हणजे त्याची तारीख. जुन्या कागदावर मिती नसली की संशोधकास अक्षरवळण आणि कागदाची जात पाहून तर्क करावा लागतो. येथे मालिकेचा भाग ओळखला की रविवार ठरतो, आणि सकाळचा कोणता सुमार हेही ठरते. फितीतील तेंदूपानांच्या उल्लेखाने त्या तारखेस दुजोराही मिळतो, कारण ती पाने तोडण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. बोलीचा नमुना दिवस आणि प्रहर यांसह हाती येणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

६

आता ज्या फितीमुळे हा लेख लिहिणे भाग पडले तिच्याविषयी सांगितले पाहिजे.

भंडारा-गोंदिया भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार होते. लेखकाचे आजोबा गावच्या दंडारीत गात असत. १९८६ च्या मंडईत काकांनी त्यांचे गाणे ९० मिनिटांच्या एका कॅसेटीत भरले होते. पुढच्या उन्हाळ्यात, एका रविवारी, 'रामायण' सुरू होण्याच्या वेळी कोरी कॅसेट घरात नव्हती. वडिलांनी दंडारीची कॅसेट हाती घेऊन विचारले, तेव्हा आजी म्हणाली, असे आई सांगते : "मंडई तं दरसाल येते, रामायन का पुन्हा येनार आहे?" आजोबा तेथेच बसले होते. त्यांनी हरकत घेतली नाही. त्या वर्षीच्या मंडईपूर्वी ते वारले.

त्या फितीची ती बाजू आज ऐकली तर प्रथम मालिकेचा भाग येतो, मध्ये आईचे भाषांतर येते, शेवटी कळ उठल्याचा खटका ऐकू येतो. आणि त्यानंतर, वाक्याच्या मध्यातून, आजोबांचा आवाज सुरू होतो. भाग संपल्यावर जी फीत उरली तेवढीच दंडार शिल्लक आहे. ती ९ मिनिटांची आहे. आजोबांच्या आवाजाचे दुसरे मुद्रण नाही.

आजीचा तर्क त्या वेळच्या माहितीनुसार चुकीचा नव्हता. दरसाल येणारी गोष्ट जपून ठेवण्याचे कारण कोणास वाटत नाही. एकदाच होणारी गोष्ट जपावी असे वाटते. प्रत्यक्षात रामायण पुन्हा आले, आणि दंडारीतील तो आवाज पुन्हा आला नाही. दूरदर्शनने फिती पुसल्या म्हणून आपण हळहळतो. पण दूरदर्शनचे कार्यक्रम भरून घेण्यासाठी आपण आपल्या घरी काय काय पुसले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. लेखकाच्या घरातील उदाहरण एकमेव असेल असे वाटत नाही. ज्यांच्याकडे अशा फिती आहेत त्यांनी प्रत्येक बाजू अखेरपर्यंत ऐकावी.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात घडविला. त्यात घरी परतण्याचा अर्थ असलेला एक ग्रीक शब्द आणि वेदना या अर्थाचा दुसरा असे दोन शब्द जोडलेले आहेत. घरापासून दूर असलेल्या माणसाच्या व्याधीचे ते नाव होते. आपण त्यास 'स्मरणरंजन' असा प्रतिशब्द वापरतो. त्यात वेदनेच्या जागी रंजन आले आहे, आणि घर तर उरलेच नाही. जुन्या मालिकांविषयी जे गोड लेखन होते त्यास तो प्रतिशब्द अगदी चपखल बसतो. परंतु आईने "आपला गोंगाट नाही" म्हटले तेव्हा तिला मालिका आठवत नव्हती. मालिका तर समोर चालू होती. तिला घर आठवत होते. या फितींपुरता तरी होफरचा जुना अर्थच खरा आहे.

७

या साधनाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ज्यांच्या घरी संच व टेपरेकॉर्डर ही दोन्ही होती ती घरे बहुधा पगारदारांची किंवा व्यापाऱ्यांची होती. शेजारीपाजारी पाहण्यास येत आणि त्यांचे आवाज दुरून उमटत. पण कोण आत सतरंजीवर बसले आणि कोण उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हे फीत सांगत नाही. ते हयात माणसांस विचारावे लागते, आणि विचारण्यास संकोच वाटला तरी विचारले पाहिजे. नाहीतर पाचसहा घरांचे बोलणे आपण जिल्ह्याचे बोलणे म्हणून मांडू. दुसरी मर्यादा नैतिक आहे. या माणसांनी आपला आवाज कोणास दिलेला नव्हता. घरातील भांडण, उधारीचा विषय, एखाद्याच्या आजाराची कुजबूज यांत येते. हयात असलेल्यांची संमती घ्यावी, आणि जे प्रसिद्ध करणे उचित नाही ते फितीवर राहू द्यावे, लेखात आणू नये.

प्रत्यक्ष कामाविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, संगणकीय प्रत करताना संपूर्ण बाजू उतरवून घ्यावी; आरंभीचा खटका, मधला खंड आणि शेवटी उरलेली फीत यांतले काहीही कापू नये. दुसरी, मूळ प्रतीवर आवाज शुद्ध करण्याचा प्रयोग करू नये. खरखर काढणारी साधने मुख्य आवाज राखून मागचा क्षीण आवाज पुसतात. म्हणजे जे सर्वत्र उपलब्ध आहे ते राहते, आणि जे येथेच आहे तेच नेमके जाते. तिसरी, फितीची गती तपासावी. कॅसेटीची नियत गती सेकंदास ४.७६ सेंटिमीटर असते, परंतु जुन्या यंत्रांत ती कमीअधिक होई, आणि गती चुकली तर स्वरांचे मापन चुकते. प्रसारणाची सुरक्षित प्रत येथे उपयोगी पडते : शीर्षकगीताचा स्वर दोन्हींत जुळवून पाहिला की घरातल्या बोलण्याची गतीही आपोआप जुळते. निर्दोष प्रसारणाचा आपल्या कामी हा एक मोठा उपयोग आहे.

काळ थोडा आहे. फितीवरील चुंबकीय लेप सुटतो, दाब देणारी गादी गळून पडते, यंत्राचे पट्टे चिकट होतात, आणि दुरुस्ती करणारे कारागीर दुसऱ्या धंद्यास लागले आहेत. त्याहून थोडा काळ आहे तो आवाज ओळखणाऱ्यांचा. लेखकाच्या फितींतील एक आवाज कोणाचा हे सांगू शकणारी आता आई एकटीच आहे, आणि दोन आवाज तिलाही ओळखता आलेले नाहीत.

आपल्या विभागातील विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी जातात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागांतील ज्यांचे घर आहे त्यांनी या वेळी जुनी पेटी उघडावी, कॅसेटीवरील शाईची अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून ती फीत शेवटपर्यंत ऐकावी. कोणाचा आवाज, कोणते घर, कोणता महिना, एवढे लिहून आणले तरी पुष्कळ झाले. पुढचे काम विभागात बसून करता येईल.